"जायचो" की "गेलो"?

"ही खुर्ची माझी आहे," मी म्हटलं.

"असेल. पण बसलोय मी ना!" तो गृहस्थ हसत म्हणाला, आणि उठला मात्र लगेच.

बोरिवलीच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात त्या दिवशी गंधाली नावाची कॉलेजची मुलगी आली होती. वय वाढलं की स्वतःच्या आयुष्यातल्या घटना कशा आठवतात, यावर तिचा अभ्यास चालला होता. प्रत्येकाने आयुष्यातला एक दिवस सांगायचा, एकच. मी सदुसष्ट वर्षांची, शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेली. नोकरीची पहिली सकाळ मी साडीच्या काठासकट सांगून टाकली.

मग खुर्चीवाले उभे राहिले. श्यामसुंदर सामंत, वय एकाहत्तर, पत्नी मालनला जाऊन सहा वर्षं झालेली.

"आम्ही रविवारी मनोरीला जायचो. मालन भजी खायची, मी नुसता चहा प्यायचो..."

"काका, एकाच दिवसाचं सांगा ना," गंधाली म्हणाली.

"तेच सांगतोय. मग आम्ही वाळूत बसायचो—"

"अहो, जायचो नाही, गेलो! बसलो!" मला राहवेना. "तो रीतिभूतकाळ सोडा की जरा!"

सगळे हसले. तेही हसले, पण खाली बसताना त्यांचा चेहरा पार उतरला. गंधालीने समजावलं की उतारवयात असं होतंच, एकेका दिवसाचे बारकावे पुसट होतात, नेहमीचं तेवढं राहतं. मला मात्र स्वतःचाच राग आला. बाहेर पडताना मी त्यांना गाठलं.

"माफ करा हं. मास्तरकी जात नाही अंगातून."

"शिक्षा म्हणून चहा पाजा, बाई."

तीस वर्षांत हजारो पोरांनी मला बाई म्हटलं असेल. इतकं गोड कुणीच म्हटलं नव्हतं.

चहा रोजचाच झाला. तीन महिन्यांनी एकदा ते म्हणाले, "मनोरीला येता? तो एक दिवस सापडतो का बघू."

मार्वेहून फेरीबोट सुटली आणि माझा पदर वाऱ्यावर उडाला. त्यांनी टोक पकडलं... आणि सोडायचं राहूनच गेलं.

"पदर," मी म्हटलं.

"कुठला?" ते समुद्राकडे बघत म्हणाले. माझे कान तापले. या वयात! पण आवडलं, उगाच खोटं कशाला बोलू?

मनोरीच्या वाळूत ते एकेक जागा बघत फिरले.

"नाही सापडत हो. चाळीस वर्षांचा संसार, आणि एक दिवस धड आठवत नाही. मग तुम्हाला कुठल्या तोंडाने विचारू?"

"काय?"

"लग्नाचं... आजचा दिवसही असाच जाईल. विचारलेलंसुद्धा विसरेन मी."

मला हा माणूस हवा होता, अगदी हवा होता, आणि तो भीतीपायी मागे सरत होता. मी सरळ त्यांचा हात धरला.

"ऐका. एकदा गेलं की 'गेलो' होतं. 'जायचो' व्हायला वर्षानुवर्षं जावं लागतं. मालनताईंना विसरला नाही आहात तुम्ही. इतके रविवार सुखाचे गेले, की त्यातला एक वेगळा काढता येत नाही."

त्यांचे डोळे भरले. "हे व्याकरणात बसतं?"

"मी बसवलंय. काय म्हणणं आहे?"

"काही नाही, बाई." ते हसले. मग हळूच म्हणाले, "नीला... माझ्याशी लग्न करशील?"

"करेन. आणि विसरलास तर परत विचार. मी दर वेळी हो म्हणेन." 'तू' कधी तोंडातून निसटलं, मला कळलंच नाही.

परतीच्या बोटीत तो माझ्या शेजारी बसला होता. अर्ध्या वाटेवर माझ्याकडे वळला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "नीला, तुला एक विचारायचं होतं. माझ्याशी लग्न करशील?"

थट्टा करत होता की खरंच विसरला होता, मी विचारलं नाही.

"हो," मी म्हटलं.