टी-शर्टातला तेजोमेघ

"माझा फोटो कुठंय?"

मारिसेला वाचनालयाच्या भिंतीसमोर जवळजवळ ओरडलीच. तिच्यामागे तिचा मामेभाऊ एलॉय आणि मैत्रीण हॅटी उभे होते, दोघांच्याही हातात पोळीत गुंडाळलेले हिरव्या मिरचीचे बरितो.

पिएद्रा ब्लांका गावच्या खगोल मंडळाचं प्रदर्शन शनिवारी उघडणार होतं. लगून तेजोमेघाचा, म्हणजे आकाशातल्या चमकत्या वायूच्या ढगाचा, स्वतः काढलेला फोटो मारिसेलाने कालच तिथे टांगला होता. आज तिथे नुसता खिळा!

"हळू! वाचनालय आहे हे," ग्रंथपाल लुहानबाई म्हणाल्या. "आणि ते बरितो आधी बाहेर! फोटो मिस्टर प्रुइटनी उतरवायला लावला, बाळ. त्यांनाच विचार."

मिस्टर प्रुइट म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. गावातली सगळ्यात मोठी दुर्बीण त्यांची, आणि आवाज त्याहून मोठा. ते पलीकडच्या भिंतीवर स्वतःचा फोटो लावत होते. तोही लगूनचाच!

"हे कडं बघ, मारिसेला," ते उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "बुडबुड्यासारखं चमकतंय ना? कुठल्याही नकाशात नाही! शोध लावलाय मी. शनिवारी पेपरवाले येणार आहेत."

"माझ्या फोटोत तर ते नाहीये."

"तेच म्हणतोय मी! आकाश एक, तेजोमेघ एक, मग तुझा बुडबुडा गेला कुठे? कॉम्प्युटरवर साफसफाई करताना पुसलास तू. पुसलेले फोटो आमच्या भिंतीवर लागत नाहीत."

"मी काहीच पुसलं नाही!"

"मग दाखव बुडबुडा," असं म्हणून मिस्टर प्रुइटनी पाठ फिरवली. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

मारिसेलाचे डोळे भरून आले. तिची परसातली छोटी दुर्बीण पप्पांनी स्वतः बसवून दिली होती. ते लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे आणि शनिवारी परस्पर प्रदर्शनालाच येणार होते. फोटोच्या जागी त्यांना खिळा दिसणार, वर आपली मुलगी फसवते हेही ऐकावं लागणार.

"रडू नकोस गं," हॅटी म्हणाली. "चल, तुझा फोटो पहिल्यापासून पुन्हा बनवू."

"पुन्हा? माझी सुट्टी संपेल!" एलॉय कुरकुरला. पण मारिसेलाच्या घरी कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून पहिला बसला तोच!

तेजोमेघाचा फोटो एका टिचकीत निघत नाही. रात्रीमागून रात्री काढलेले शेकडो फोटो कॉम्प्युटर एकावर एक रचतो. मग बारीक खरखर नाहीशी होते आणि काळोखातून लालसर वायू हळूहळू वर येतो. तिघांनी सगळं पुन्हा रचलं. लाल ढग आला, त्यातल्या काळ्या रेघा आल्या. बुडबुडा मात्र नाही!

हॅटी तोवर दुसऱ्या पडद्यावर मंडळाच्या वेबसाइटवरचे मिस्टर प्रुइटचे यंदाचे फोटो चाळत होती. अचानक ती उडालीच.

"हा त्यांचा ईगल तेजोमेघ. उजवा कोपरा बघा! आणि हा व्हेल तेजोमेघ. इथेही तेच कडं, त्याच जागी!"

"त्या बुडबुड्याला काय कामधंदा नाही का?" एलॉय म्हणाला. "प्रुइट जातील तिथे शेपटासारखा मागे!"

"म्हणजे तो आकाशात नाहीच," मारिसेला सावकाश म्हणाली. "त्यांच्या कॅमेऱ्यात आहे. पण धूळ असती तर डाग काळा पडला असता. हा उजळ कसा?"

कॅमेऱ्यात धुळीचा कण बसला की प्रत्येक फोटोत काळपट कडं उमटतं. त्यावरचा उपाय म्हणजे फ्लॅट. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट ताणायचा आणि त्याचा कोरा फोटो काढायचा. त्यात कडं नेमकं कुठे आहे ते कळतं आणि कॉम्प्युटर तेवढीच जागा उजळून घेतो. मारिसेला दर वेळी ताजे फ्लॅट काढायची, एलॉयच्या टी-शर्टावर. एलॉय दर वेळी उघडा कुडकुडायचा.

"प्रुइट काय म्हणाले होते आठवतंय?" एलॉय ओरडला. "'दर वेळी कसले टी-शर्ट ताणता रे पोरांनो? माझं गेल्या वर्षीच्याच फ्लॅटवर मस्त चालतं!'"

"आणि कॅमेरा त्यांनी यंदा पुसून घेतलाय!" मारिसेलाने टाळी वाजवली. "धूळ कधीच गेली. कॉम्प्युटर मात्र अजून ती जागा उजळतोय. नसलेला डाग पुसला की तिथे उजेडच पडणार!"

"चला, सांगून येऊ त्यांना!" एलॉय उठलाच.

"आपलं कोण ऐकणार?" हॅटी म्हणाली. "त्यांच्याच हातून दाखवू."

शनिवारी दुपारी वाचनालयाच्या अंगणात मंडळ जमलं. मिस्टर प्रुइटची दुर्बीण मधोमध, शेजारी मोठा पडदा, आणि पेपरची बाई कॅमेरा घेऊन हजर.

"मिस्टर प्रुइट," हॅटी गोड आवाजात म्हणाली, "तुमच्यासारखे फोटो गावात कुणालाच जमत नाहीत. एकदा दाखवा ना कसे करता ते. अगदी नेहमीसारखं हं!"

मिस्टर प्रुइट हरभऱ्याच्या झाडावर चढले. "दाखवतो की! पण भर दुपारी काढू कशाचा?"

"माझ्या टी-शर्टाचा!" एलॉयने तो काढलासुद्धा.

सगळे हसले. मिस्टर प्रुइटही हसले. टी-शर्ट दुर्बिणीवर ताणला गेला, फोटो निघाला. मग त्यांनी नेहमीसारखेच आपले जुने फ्लॅट जोडले.

पडद्यावर पांढरंशुभ्र कापड उमटलं. आणि उजव्या कोपऱ्यात चमकणारा बुडबुडा!



"अभिनंदन, मिस्टर प्रुइट!" एलॉय म्हणाला. "माझ्या टी-शर्टात तेजोमेघ सापडला!"

हशा उसळला. मिस्टर प्रुइट मात्र पडद्याजवळ जाऊन बघत राहिले. तसे ते हुशार. एका नजरेत त्यांना सगळं उमगलं आणि त्यांचे कान लाल झाले.

"गेल्या वर्षीचे फ्लॅट," ते पुटपुटले. मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही माझ्याच कॅमेऱ्यातल्या जुन्या धुळीची खूण आहे. या मुलीने काहीही पुसलेलं नाही. मी तिला उगाच खोटं ठरवलं. मारिसेला, मला माफ कर."

त्यांनी आत जाऊन स्वतःचा फोटो उतरवला आणि मारिसेलाचा आपल्या हाताने टांगला.

"शाब्बास रे पोरांनो!" लुहानबाई म्हणाल्या. "डोळे असावेत तर असे!"

"मग आता बरितो आत चालतील?" एलॉयने विचारलं.

"मुळीच नाही!"

दिवेलागणीला पप्पा आले, तसेच, प्रवासाच्या कपड्यांत. एलॉयने घाईघाईने सगळी हकीकत सांगितली. पप्पा फोटोजवळ गेले. मग त्यांनी उजव्या कोपऱ्यातल्या काळोखावर बोट धरलं.

"तो बुडबुडा इथे होता म्हणे. इथे काय आहे?"

"काहीच नाही, पप्पा," मारिसेला म्हणाली, आणि तिला केवढा अभिमान वाटला!