सेलिनचा पाचचा फोन

भुतंखेतं मीही मानत नव्हते, डॉक्टर आहे मी. पण सेलिनसारखी बाई पुन्हा पाहिली नाही, म्हणून सांगते.

१९७८चा जुलै, ऑस्ट्रेलियातला ऐन हिवाळा. आम्ही कूमाला होतो, बर्फाच्या डोंगरांपाशी. नवरा कामासाठी सिडनीला. तीन वर्षांच्या विवेकला सांभाळायला मूळची वसईची सेलिन यायची, दोन मैल चालत. मी ड्यूटीवर असले की दर तासाला फोन करून पोराची खबर द्यायची. कधी चुकली नाही.

त्या दुपारी रेडिओ कानीकपाळी ओरडत होता, हिमवादळ येतंय, बाहेर पडू नका. इकडे हॉस्पिटलात एक बाई अडलेली, मला न्यायला गाडी दारात उभी. मी सेलिनला फोन केला.

"वारा फार आहे, डॉक्टरबाई..."

"अगं, दोन मैल तर आहेत. काही होत नाही."

"बरं. निघालेच."

निघालेच म्हणाली ना, म्हणून झोपलेल्या विवेकला तसाच ठेवून मी गेले. जनाची नाही, निदान मनाची तरी वाटायला हवी होती.

तीनला फोन आला. "पोचले. विवेक उठलाय."

चारला आला. "पेज खाल्ली त्यानं. हीटर लावलाय."

मी निर्धास्त झाले. बाळंतपणही नीट पार पडलं.

साडेचारला ॲम्ब्युलन्सने पुलाजवळ बर्फात सापडलेली एक बाई आणली. अंग लाकडासारखं कडक. मी तोंडावरची चादर काढली. सेलिन होती. जाऊन दोन तास तरी झाले होते.

म्हणजे माझं पोर घरी एकटं... मी धडपडत फोनपाशी गेले. पाच वाजले होते. हात लावायच्या आत फोन वाजला.

"विवेक बरा आहे, डॉक्टरबाई. घाई करू नका. रस्ता वाईट आहे..."

"सेलिन... तू..."

"मला तेवढी थंडी वाजते हो..."

पोलिसांच्या गाडीतून घरी पोचले. घर उबदार होतं. विवेक पोटभर खाऊन नुसत्या स्वेटरवर खेळत होता. पलंगावर त्याची गोधडी नव्हती.

"कुठंय रे?"

"सेलिन वॉज कोल्ड, मम्मी. आय गेव्ह इट टू हर."

घर पालथं घातलं. मिळाली नाही.

सकाळी सिस्टरने माझ्यासमोर शवागाराचं कुलूप काढलं. सेलिनच्या गळ्यापर्यंत विवेकची गोधडी नीट ओढलेली होती. मी गोधडीला हात लावून पाहिला.

कोमट होती.