मोडक्या कानांचा माणूस

मी माणसाचं तोंड बघायच्या आधी कान बघते. पहिलवानाची लेक आहे, कुस्तीत कान मोडतात, म्हणून सवयच ती. म्हणून त्या एप्रिलच्या दुपारी मंठ्याच्या आमच्या बियाण्याच्या दुकानात कंपनीचा नवा माणूस शिरला, तेव्हा मला आधी दिसले त्याचे मोडलेले कान.

"कोणत्या तालमीचे?" मी विचारलं.

तो काही बोलणार... तोच माझे वडील, अण्णा, उठले. सर्जेराव पहिलवान म्हणजे तालुक्यात नाव. "कंपनीनं कळवलेला भागवत का? बस रे पहिलवाना. आकांक्षा, चहा सांग." तो कसनुसा हसला अन् बसला.

मंग दर आठवड्याला यायला लागला. अण्णा माझ्यासमोरच आईला म्हणाले, "जावई करावा तर असा पहिलवान." मला आवडलं ते, खोटं कशाला बोलू. पण एक गोष्ट खटकायची. अण्णा कुस्तीचा विषय काढायचे, अन् हा पोत्यांकडं बघत राह्यचा.

एकदा अण्णा जेवायला गेल्ते. मी त्याच्या चहाचा कप माझ्याच हातात धरून ठेवला.

"आधी सांगा. कुस्ती खेळला न्हाईत ना तुम्ही?"

"लई चौकशा करता तुम्ही."

"करतेच. कान कशानं मोडले?"

"रग्बी लीग," तो हळूच म्हणाला. "पुण्याला शिकायला गेल्तो, तिथं नाद लागला. मंग इंग्लंडमधल्या एका छोट्या गावाच्या क्लबानं पगारावर ठेवलं. चार वर्षं."

"खेळतात कसं?"

त्यानं बाजरीची पिशवी उचलून पोटाशी धरली. "हा चेंडू समजा. तो घेऊन पुढं पळायचं, पण द्यायचा फक्त आपल्या मागच्या गड्याला. समोरून तिघं-तिघं अंगावर येतात. पडायचं, उठायचं."

"अन् भेटतं काय?"

"चिखल." तो हसला. "अन् कधी कधी तीन हजार माणसं आपल्या नावानं ओरडतात..." मंग हसू गेलं. "गुडघा गेला. क्लबानं सोडलं. इथं सांगितलं की लोक म्हणायचे, क्रिकेट का न्हाई खेळलास? पहिलवान समजले की मान द्यायचे. मी समजू दिलं."

मी कप पुढं केला. बोटाला बोट लागलं... अन् कप दोघांच्याही हातात तसाच राह्यला.

"अण्णांना सांगा," मी म्हणाले.

"सांगितलं तर ते दुकानात उभं करणार न्हाईत. मंग तुम्ही कुठं भेटणार..."

जत्रेच्या कुस्त्यांना अण्णांनी भागवतला बोलावलं अन् सगळ्या गावापुढं त्याला बांधायला फेटा हातात घेतला. "हा आमचा पहिलवान." मी जीव मुठीत धरून बसले होते. भागवतनं मान मागं घेतली.

"काका, मी पहिलवान न्हाई. आखाड्यात एक दिवस उतरलो न्हाई. मी रग्बी खेळायचो. जास्त हरलो, पण चार वर्षं खेळलो."

कुजबुज सुरू झाली. अण्णांचा चेहरा पडला. "माझ्याच दुकानात बसून फसवलंस मला," ते म्हणाले. "परत पाय ठेवू नको." फेटा गुंडाळून त्यांनी काखेत मारला.

भागवत एकटाच रस्त्याला लागला. मी मागं पळाले. सगळे बघत होते, बघू द्या.

"सोमवारी ऑर्डर घ्यायला कोण येणार?"

"दुसरा कोणी येईल. काकांनी येऊ नको म्हणलं ना."

"दुकानाचं लायसन माझ्या नावावर आहे. शेतीची डिग्री माझी, अण्णांची न्हाई. मी म्हणते या."

"ऑर्डरसाठी?"

"न्हाई..." मी त्याची वाट अडवली. "मला आवडता तुम्ही. आज तर लईच आवडलात."

"मला पण... पहिल्या दिवसापासून. पण काका?"

"चिडतील. चिडू द्या. लग्न कोणाशी करायचं ते मी आज घरी सांगणारच आहे."

"कोणाशी?" आता त्याचे डोळे हसत होते.

"सोमवारी या, कळेल," मी म्हणाले. "अन् सकाळीच या. अण्णा तेव्हा दुकानात असतात."