मुखवट्याखालची लंगडी चाल

कुणाला पटो न पटो, हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत. आई तेव्हा तिथेच होती, आणि ती अजून आहे. तिला विचारलं तर ती उठून आत निघून जाते, एवढंच.

भुतं रात्री येतात म्हणतात ना?

ही रात्र नव्हती. ऑक्टोबरातली लख्ख दुपार होती. ठिकाण रोमचा भर चौक, आणि समोर अर्धं शहर उभं.

आजोबा पुब्लियस वारले तेव्हा डेसिमसमामा निवडणुकीला उभे होते. सम्राटांनी शिफारस केली तर निवडून आलेच म्हणून समजा. नाही केली तर जन्मभर घरी बसा. मामांच्या डोक्यात तेव्हा दुसरं काही नव्हतं.

आमच्यासारख्या घरांत, मोठ्या पदावर गेलेल्या माणसाचा मेणाचा मुखवटा करून ठेवतात. अगदी हुबेहूब. घरात कुणी गेलं की नट बोलावतात, ते मुखवटे चढवतात, आणि सगळे पूर्वज अंत्ययात्रेत चालतात. जो गेला त्याचाही मुखवटा एक नट घालतो. त्याच्यासारखा चालतो, खोकतो, बोलतो. मग चौकातल्या मंचावर मुलगा भाषण करतो आणि एकेकाचं नाव घेतो. ज्याचं नाव घेतलं नाही, तो त्या घरचा उरत नाही.

आमच्या कपाटात एक मुखवटा भिंतीकडे तोंड करून होता.

तो मॅनियसचा. आजोबांचा धाकटा भाऊ, मामांचे काका. एकदा जेवताना त्यांनी सम्राटांची थट्टा केली होती. दुसऱ्या दिवशी ती थट्टा सेनेटमध्ये कुणीतरी शब्दन्‌शब्द सांगितली...

सख्ख्या भावाने. आमच्या आजोबांनी.

शिक्षेची वाट न बघता काका गरम पाण्याच्या हौदात उतरले आणि मनगटाच्या शिरा कापून घेतल्या. आजोबांना पुरोहितपद मिळालं. वेटियाकाकूंना रडायलाही बंदी झाली, कारण राजद्रोह्यासाठी बायकोनेसुद्धा रडायचं नसतं.

याच काकांनी मामांना तिबेर नदीत पोहायला शिकवलं होतं. सख्ख्या बापापेक्षा मामांना त्यांचाच लळा.

आजोबा गेले त्या दिवशी राजवाड्यातला रुफियस आला. सांत्वनाला म्हणे.

"तो भिंतीकडे बघत बसणारा, अजून ठेवलाय का हो?" ऑलिव्ह चघळत त्याने विचारलं. "नाही, आपलं सहज."

"तो कधीच टाकला," मामा म्हणाले.

"छान. मग मी पहिल्याच रांगेत बसतो. भाषण ऐकायला."

तो गेल्यागेल्या मामांनी कपाट उघडलं. आजोबांच्या चेहऱ्याचा साचा तयार होता, आत ओतायला मेण हवं होतं. मामांनी काकांचा मुखवटा चुलीवरच्या तांब्याच्या भांड्यावर धरला.

"दादा, काकांना वितळवतोस?" आई म्हणाली.

"मेण आहे ते."

"मग तोंड कशाला फिरवलंस?"

मामांनी मुखवटा सोडला. आधी गाल बसले. मग कपाळ गेलं. ओठ मात्र बराच वेळ वर तरंगत राहिले...

आणि उघडले.

मेण वितळताना होतं असं. मामा स्वतःला तेच सांगत राहिले. त्याच मेणात आजोबांचा चेहरा ओतला गेला. ज्याला विकलं त्याच्या मेणात, विकणाऱ्याचा चेहरा!

आजोबा व्हायला फिलेरस नावाचा नट ठरला होता. गोल गरगरीत, तोंडाने फटकळ. त्याने आजोबांना चांगलं न्याहाळलं होतं. पोट पुढे, टाचा आपटत चालणं, मध्येमध्ये खाकरणं. अंगणात त्याने करून दाखवलं तेव्हा नोकर तोंडाला हात लावून हसले. एक म्हणाला, "मालक मेलेत की नुसतेच आपल्याला फसवतायत?"

यात्रा निघाली. शिंगं, बासऱ्या, मशाली, छाती पिटणाऱ्या बायका. मामांच्या मागून फिलेरसच्या टाचांचा आवाज येत होता. खाकरणं येत होतं. लोक खूश होते.

चौकाच्या वळणावर खाकरणं थांबलं.

दमला असेल, मामांना वाटलं.

मग दुसराच आवाज आला...

एक पाऊल. आणि एक फरपट.

एक पाऊल. आणि एक फरपट.

एवढ्या गलक्यात तो ऐकूच यायला नको होता. येत होता. मॅनियसकाकांच्या डाव्या गुडघ्यात जर्मनांच्या लढाईत भाला घुसला होता. तेव्हापासून ते तो पाय ओढत चालायचे.

मामांनी मान वळवली.

मुखवटा आजोबांचाच होता. चालत मात्र काका होते. डाव्या हाताने त्यांनी खांद्यावरून पांघरलेल्या तोगाची चुणी दोनदा वर सारली. घरात शिरण्याआधी ते तसंच करायचे.

गर्दीतली म्हातारी माणसं गप्प झाली. बासरीवाले एकेक करून थांबले. कुणी थांबवलं नव्हतं त्यांना.

मंचावर पूर्वज आपापल्या हस्तिदंती खुर्च्यांवर बसले. आजोबा बसले नाहीत. ते पाय ओढत मामांच्या अगदी जवळ आले. मुखवट्याच्या हनुवटीखालून पाणी ठिबकत होतं. एक थेंब मामांच्या हातावर पडला...

कोमट होता.

"डेसिमस."

आवाज फिलेरसचा नव्हता. आजोबांचाही नव्हता.

"पोरा, माझं नाव घेशील ना?"

"काय म्हणतायत पुब्लियस?" रुफियस पहिल्या रांगेतून ओरडला. "आम्हालाही कळू द्या की!"

एक नाव. तोंडातून निघालं असतं तर काका घरी परतले असते. आणि निवडणूक गेली असती, कदाचित मामांचं डोकंही. मामांनी एकदा मुखवट्याकडे पाहिलं, एकदा रुफियसकडे.

"काही नाही, नटाचा चावटपणा," मामा मोठ्याने म्हणाले. "आमच्या घरात लंगडणारं कुणी कधी नव्हतंच."

चौकात कुणी हसलं नाही.

मुखवटा थोडा वेळ मामांकडे बघत राहिला. मग पाय ओढत मागे गेला आणि खुर्चीवर बसला. मामांनी भाषण केलं. सगळ्या पूर्वजांची नावं घेतली, आजोबांच्या निष्ठेची तोंडभर स्तुती केली. लाजेने त्यांचे कान जळत होते. शब्द मात्र एकही अडला नाही, याचीच त्यांना पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

घरी आल्यावर फिलेरसचा मुखवटा काढला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मालक, माफ करा... वळणावर कुणीतरी कानात म्हणालं, 'जरा सरक बाबा.' मी सरकलो."

"मग?"

"मग मी नव्हतोच."

त्याचा डावा गुडघा सुजून भोपळा झाला होता. आणि फिलेरस रोममध्ये आला तो काका गेल्यानंतर. त्याने त्यांना कधी पाहिलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात वेटियाकाकू उभ्या होत्या. अंगावर शोकाची काळी लोकर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मामा उठून उभे राहिले. आता ही तोंडावर थुंकणार. थुंकू दे, त्यांना वाटलं. थुंकावंच.

काकूंनी मामांचा हात दोन्ही हातांत धरला.

"मी तुला भेकड समजत होते रे. तुझ्या बापासारखा."

"काकू..."

"त्या नटाला तू शिकवलंस. ती खांद्यावरची चुणी सावरणं... ते तुला आणि मलाच ठाऊक होतं. त्या मेल्या रुफियसच्या नाकासमोरून माझ्या माणसाला अख्ख्या रोममधून चालवलंस! आणि वर थाप कशी मारलीस, लंगडणारं कुणी नव्हतंच म्हणून. मला तर हसूच फुटलं." बोलता बोलता त्या रडायला लागल्या. "काल मी घरी जाऊन रडले. पोटभर. बंदी असली तर असू दे."

मामांनी सांगायला तोंड उघडलं. काकूंच्या मागे आई उभी होती. तिने मानेनेच विचारलं, सांगतोस का?

"बसा काकू," मामा म्हणाले. "काहीतरी खाऊन जा."

काकूंनी त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं. मामांनी घेऊ दिलं.

मामा निवडून आले. काकूंनी कानोकान सांगितलं असावं, कारण जुनी माणसं त्यांना पाहिलं की रस्त्यातून बाजूला व्हायची, आदराने. मामा मान खाली घालून जायचे. लोक त्याला नम्रपणा म्हणायचे.

मुखवटा कपाटातच होता. बापाचा म्हणून टाकता येईना, काकांचा म्हणून बघवेना. सणाच्या दिवशी त्याला पानांचा हार घालावा लागे. मामा डोळे मिटून घालायचे. मग तिथेच उभे राहायचे, बराच वेळ, कान देऊन.

आई एकदा चिडून म्हणाली, "आता कशाची वाट बघतोस?"

"येतील," मामा म्हणाले. "माफी मागायचीय."

एक पाऊल आणि एक फरपट... आमच्या घरात तो आवाज पुन्हा कधीच आला नाही.