आलोच

रविवारी दुपारी जुन्या गाड्या शोधत भटकायचं, हे त्या दोघांचं वेड. एक गॅरेजवाला, दुसरे निवृत्त मास्तर. नुसता दिवा दिसला तरी मास्तर गाडीचं साल सांगायचे, आणि चुकले की आठवडाभर तोंड पाडून बसायचे.

त्या रविवारी सरकारी वर्कशॉपमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मास्तरांना घबाड सापडलं. "खिडक्यांचे पडदे बघ, झेंड्याची दांडी बघ! मंत्र्याची गाडी आहे ही!"

गॅरेजवाल्याला सांगायची गरज नव्हती. मागच्या दारावरचा पोचासुद्धा त्याच्या ओळखीचा होता. ही गाडी अकरा वर्षं त्याचा दादा चालवत होता, आणि हिच्यातच तो गेला.

ती हकीकत त्याने सगळ्यांना सांगितली होती. ऐन उन्हाळ्यात साहेब सभागृहापाशी उतरले, "थांब, आलोच" म्हणाले, आणि मागच्या दाराने दुसऱ्या कुणाच्या गाडीतून निघून गेले. दादा गाडी सोडून हलला नाही. संध्याकाळी तो स्टिअरिंगवर डोकं टेकलेला सापडला. ऐकणारे साहेबांच्या नावाने बोटं मोडायचे.

एक गोष्ट मात्र त्याने कुणालाच सांगितली नव्हती. त्या दुपारी दादाने गाडीला लागूनच असलेल्या पहारेकऱ्याच्या चौकीतून गॅरेजवर फोन केला होता. "धाकट्या, छातीत कसंतरीच होतंय रे. गाडी सोडता येत नाही. तू नुसता शेजारी येऊन बस." धाकट्याच्या हातात तेव्हा एका जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर होता, अर्धा उघडलेला. "आलोच," तो म्हणाला, आणि तीन तासांनी गेला.

मास्तरांनी मागची दोन्ही दारं ओढून पाहिली, ड्रायव्हरचंही पाहिलं. "गंजून बसलीत," म्हणत ते बॉनेटकडे वळले. गॅरेजवाल्याने ड्रायव्हरशेजारच्या दाराला हात लावला मात्र, ते अलगद उघडलं.

तो आत बसला. इतकी वर्षं बंद असलेल्या गाडीत कुबट वास यायला हवा होता. आला लवंगेचा. दादाची दाढ दुखायची, त्याच्या तोंडात कायम लवंग असायची. गॅरेजवाल्याने शेजारच्या, ड्रायव्हरच्या सीटवर हात ठेवला. सीट कोमट होती... मध्ये दबलेली, कुणी बसल्यावर दबते तशी.

टक... टक.

वाट बघताना दादा स्टिअरिंगवर अंगठीने असाच ठेका धरायचा.

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण भीतीपेक्षा रडूच जास्त आलं. "दादा... उशीर झाला रे मला. बसलोय बघ शेजारी. आता नाही उठत."

ठेका थांबला. सीटची स्प्रिंग हळूच करकरली, दमलेल्या माणसाने पाठ टेकावी तशी. तो तिथेच हात ठेवून हमसून हमसून रडला. कित्येक वर्षांनी त्याला हलकं वाटलं.

तेवढ्यात मास्तर बॉनेटखालून ओरडले, "अरे, लवकर ये! कार्ब्युरेटर मूळचा आहे, कुणी हातसुद्धा लावलेला नाही!"

"आलोच!"

शब्द तोंडातून निसटला आणि सवयीने तो बाहेरही पडला. मागे दार मिटलं.

मग तो जागच्या जागी थिजला. वळून त्याने दार ओढलं. दोन्ही हातांनी ओढलं, पाय लावून ओढलं. दार जाम होतं. बिजागऱ्यांत वर्षानुवर्षांचा गंज होता.

"हे तरी उघडलं कसं होतं?" मास्तर पुटपुटले.

त्याने काचेला कपाळ लावलं. "दादा, तुला नव्हतो रे म्हणालो... मास्तरांना म्हणालो..."

आत सीट तशीच दबलेली होती. टक... टक. ठेका पुन्हा सुरू झाला होता. त्यात राग नव्हता. दादा वाट बघत होता.