भुवईची बोली

त्याने भुवया उडवल्या आणि माझं घर गेलं.

अकरा वर्षं झाली त्या शनिवाराला. ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगमधली उतरती गल्ली, लाकडी घर, मागे लिंबाचं झाड, आणि फुटपाथवर उभा राहून लिलाव पुकारणारा तांबड्या टायचा माणूस. भुरभुर पाऊस. मी वृद्धाश्रमातली नर्स, फिलिपिन्सहून कामाच्या व्हिसावर आलेली. पर्समध्ये सरकारी परवानगीचं पत्र. त्याशिवाय आमच्यासारख्यांना घर घेता येत नाही. चार वर्षं ज्या खोलीत काढली, तिथल्या मालकिणीने सुक्या मासळीच्या वासावरून स्वयंपाकघराला कुलूप घातलं होतं. लोक प्रेमासाठी घर करतात. मी मासळीसाठी करत होते.

तीन लाख दहा हजार डॉलरना मी हात वर केला. यापुढे माझ्याकडे काही नव्हतं.

"एक वार... दोन वार..."

तेवढ्यात मागे तो दिसला. पावाची पिशवी छातीशी धरलेली, केस भिजलेले, आणि चेहरा थेट आमच्याकडचा — बातांगासच्या बंदरावर असतात तसा. माझ्याकडे बघून त्याने भुवया उडवल्या. आमच्यात तो नमस्कार. 'हो' म्हणायचं तरी तेच.

"तीन लाख पंधरा हजार, पाववाले साहेब," टायवाल्याने ती बोली समजून पुकारलं.

पिशवीवाला गोंधळून इकडेतिकडे बघत राहिला. पाववाले साहेब कोण, ते शोधत असावा. तीन वार झालं. विकलं.

मी गर्दीतून वाट काढत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काय घेतलंस, माहीत आहे?"

"पाव," तो म्हणाला. "गरम आहे. घ्या ना."

"घर घेतलंस, गाढवा. माझं. परवानगीचं पत्र आहे तुझ्याकडे?"

"कसलं पत्र? मी गोदीत वेल्डर आहे. व्हिसा आहे माझ्याकडे... मी फक्त नमस्कार केला हो."

टायवाला कागद घेऊन आला. मी बहिरी असल्यासारखा बोलला, "मॅडम... लिलाव... संपला."

मी त्याच्याहून सावकाश बोलले. "याच्याकडे... परवानगी... नाही. याला... विकाल... तर... दोघंही... अडकाल."

त्याचा चेहरा टायच्या रंगाचा झाला. ओसरीवर घराची मालकीण, म्हाताऱ्या मिसेस युरिच, सिगारेट ओढत सगळं बघत होत्या.

"त्या पोराकडे छत्रीसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "ती भांडतेय तिला द्या. तिच्याच किमतीत."

टायवाल्याने कागद माझ्यापुढे धरला. सही वाकडी आली. ती अजून वाकडीच आहे, कागद जपून ठेवलाय.

मी राहायला गेले त्या शनिवारी तो हत्यारांची पेटी घेऊन फाटकाशी हजर. नाव इसागानी.

"दंड भरायला आलोय. फाटक कुरकुरतंय तुमचं."

"किती शनिवार?"

"फाटक थांबेल तोवर."

फाटक थांबेना. अख्खा हिवाळा गेला. लिंबं पिकली.

"जाताना तूच बिजागरी सैल करतोस," एकदा मी म्हटलंच. "खिडकीतून पाहिलंय मी."

"म्हणजे खिडकीत उभ्या असता."

मी लिंबं तोडायला वळले. कान मात्र तापले...

मग त्याची गोदी बंद पडली. काम गेलं की व्हिसा जातो. माणसाला पाहुणा म्हणतात आणि भाड्याच्या यंत्रासारखं वागवतात. नवं काम मिळालं ते पार डार्विनला, देशाच्या दुसऱ्या टोकाला. निघायच्या आदल्या दुपारी मी माझ्या चुलीवर सुकी मासळी तळत होते. घरभर वास, सगळ्या खिडक्या उघड्या. तो दाराशी.

"तिथला करार संपला, की परत आलो तर... म्हणजे... तुझ्याकडेच आलो तर?"

'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. ते मी ऐकलं.

"माझ्याकडे की माझ्या घराकडे?"

"घर मला एकदा मिळालं होतं, रोवेना. गेलं तेव्हा मी रडलो का?"

माझ्या भुवया आपोआप वर निघाल्या होत्या. मी त्यांना आवरलं. भुवयांवर भरवसा ठेवायचा नाही, एवढं या घराने शिकवलं होतं. तेल गळणाऱ्या चिमट्यासकट मी हात सरळ वर केला.

त्याने त्या हाताकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "एक वार... दोन वार..."

'तीन वार' म्हणायला तो चौदा महिन्यांनी आला. फाटक तोवर खरंच कुरकुरायला लागलं होतं.