बोटाशिवायची नाडी

ज्यांना खोटं वाटतं त्यांनी खुशाल हसावं. मधुवंतीही हसली होती.

ती माझी सख्खी आतेबहीण. मूळची पुण्याची, मस्कतमध्ये डॉक्टर. गेल्या जूनमधला शुक्रवार. जागा गाला, मस्कतमधली गॅरेजांची वस्ती. वेळ भर दुपारची.

हुसैनमियाँ तिचे पेशंट. रत्नागिरीकडचे वेल्डर.

"मॅडम, गॅरेजात माझ्या मागं कोणतरी उभं राहतं. छाती धडधडते, हात गार पडतात."

"अ‍ॅड्रिनलिन!" मधुवंतीनं नाक मुरडलं. "मेंदू घाबरला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी ते रक्तात सोडतात. अडाणी लोक त्याला भूत म्हणतात."

"आमचा मेकॅनिक वजीरा तिथंच गेला, मॅडम. जॅक सटकला… गाडीखाली."

"मग तेच आठवून रोज घाबरता. कसली भागूबाई! चला, दाखवते."

नमाज आटपून सगळे कामगार जेवायला खोलीवर गेलेले. हुसैनमियाँनी शटर उघडलं. आत मात्र पाऊल टाकलं नाही.

ती एकटीच गेली.

बाहेर ट्रकांची घरघर होती. आत शिरताच…

घरघर एकदम थांबली.

तिनं बोटाला पल्स मशीन लावलं. चौऱ्याहत्तर.

"बघा, कुठंय धडधड?" ती ओरडली.



मग मागून श्वास… धापा टाकल्यासारखा.

मशीनवर एकशे अठरा. एकशे चाळीस.

तिनं गळ्याशी हात लावला. नाडी संथ. तळवे कोरडे.

मशीन काढून तिनं बाकावर ठेवलं.

टुक… टुक… टुकटुकटुक…

एकशे त्रेसष्ट.

त्यात बोट नव्हतंच.

मग आवाज थांबला. श्वासही.

ती बाहेर आली. "मशीन बिघडलंय. भिकार माल!"

हुसैनमियाँ तिच्याकडे बघतच राहिले. "मॅडम, एवढ्या उन्हात तुम्हाला घाम पण नाही आला?"

तेव्हापासून मधुवंती घाबरलेली नाही. कशालाच. तपासण्या केल्या, सगळे रिपोर्ट नॉर्मल.

मागच्या महिन्यात रुस्ताकच्या रस्त्यावर समोरून ट्रेलर अंगावर आला. शेजारी बसलेला तिचा नवरा नंदू किंचाळला. ती शांतपणे बघत राहिली. पाय ब्रेकवर गेलाच नाही. नंदूनं स्टिअरिंग ओढलं म्हणून दोघं वाचले.

मी फोनवर विचारलं, "तुला काय वाटलं गं तेव्हा?"



"काहीच नाही रे…" ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या आवाजात गुर्मी नव्हती. "वाटायला हवं होतं ना?"